नाव न घेता गायलेली प्रीत

शिर्डी आज राहाता तालुक्यात आहे. १९१०च्या सुमारास ती कोपरगाव तालुक्यातले एक लहान खेडे होती. मुंबईकडचा माणूस कोपरगाव स्टेशनात उतरायचा, गोदावरी ओलांडायचा आणि टांग्याने पुढे निघायचा. वांद्र्याचे गोविंद रघुनाथ दाभोलकर असेच तिथे पोचले होते. एका सकाळी मशिदीत त्यांनी जे पाहिले त्यातून पुढे 'श्रीसाईसच्चरित' हा ग्रंथ जन्मला, आणि त्याच्या पहिल्याच अध्यायात एक जाते आहे. साईबाबांनी तोंड धुतले, जमिनीवर तरट अंथरले, त्यावर जाते मांडले, कफनीच्या बाह्या सारल्या आणि सुपातले गहू मुठीमुठीने वैरत ते दळायला बसले. गावभर बातमी गेली. बायाबापड्या धावत आल्या. त्यातल्या चौघी धीर करून मशिदीत घुसल्या, बाबांच्या हातातला खुंटा त्यांनी काढून घेतला आणि दळता दळता गायला सुरुवात केली.

पुढची कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. बाबांना ना घर ना संसार, तेव्हा एवढे पीठ आपल्यालाच मिळणार असे धरून बायांनी त्याचे चार वाटे केले. बाबा संतापले आणि ते सगळे पीठ गावच्या शिवेवर, ओढ्याकाठी टाकून यायला त्यांनी सांगितले. गावात पटकीची साथ होती, ती त्या पिठाने हटली अशी श्रद्धा आहे. भाविकाला या प्रसंगाचे मर्म पिठात सापडते. ज्याला या मुलखाच्या गाण्यांचा इतिहास शोधायचा आहे त्याने मात्र त्या चौघींच्या गाण्यापाशी थांबावे. त्यांना कोणी गा म्हटले नव्हते. मशिदीत परके पुरुष होते, शहरातले साहेबी नोकरीतले पाहुणे होते, समोर प्रत्यक्ष बाबा रागे भरत होते. तरी खुंट्याला हात लागला आणि गाणे आपोआप सुरू झाले. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण मराठीत उगीच रुळलेली नाही. दाभोलकरांनी पुढे लिहिलेला नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथही त्याच छंदात आहे.

त्या दिवशी त्या चौघी बाबांवर गायल्या. एरवी आपापल्या घरी, कोंबडा आरवायच्या आधी, कोपरगाव-शिर्डी-पुणतांब्याच्या पट्ट्यातल्या बाया जात्यावर जे गात, त्यात देव होता, माहेर होते, भाऊ होता आणि एक घरधनीही होता. त्याचे नाव त्या कधी घेत नसत. खेड्यातले हळुवार प्रेमगीत, एकाच माणसावर आयुष्यभर टिकलेल्या जिवाचे गाणे, या मुलखात शोधायचे तर ते इथेच सापडते. ते फडावर नव्हते, बाजारात नव्हते. ते पहाटेच्या अंधारात होते आणि ऐकणारे घरचेच होते.

हे गाणे रोजचे का होते, याचे एक अगदी रोकडे कारण आहे. उत्तर नगरचा हा भाग कालव्याच्या पाण्याआधी बाजरीचा आणि ज्वारीचा. गव्हाचे पीठ डब्यात राहते. बाजरीचे राहत नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळल्यावर थोड्याच दिवसांत पीठ कडवट होते आणि भाकरी थापायच्या लायकीची राहत नाही. म्हणून घरात खाणारी तोंडे जेवढी, तेवढे ताजे दळण रोजच्या रोज. सणावाराला पुरणाची डाळ, लग्नाला हळद, पाहुणे आले की ज्यादा दोन पाट्या. थकलेल्या, बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या, अंगात कसकस असलेल्या बायकांनाही यातून सुटका नसे. ओवी गोड आहे म्हणून त्या श्रमाला गोड म्हणण्याचे कारण नाही. हाताला घट्टे पडत, खांदे भरून येत, आणि दळण संपल्याशिवाय चूल पेटत नसे.

जाते तसे साधे. खालचा दगड पक्का बसवलेला, वरचा फिरता. वरच्याला मधोमध तोंड, त्यात धान्याची मूठ सोडायची म्हणजे वैरायचे. कडेला लाकडी खुंटा. दगड घासून गुळगुळीत झाला की पीठ जाडेभरडे पडू लागे, मग टाकी लावणारा गावात येईपर्यंत वाट बघायची. त्याने छिन्नी-हातोडीने दगड पुन्हा खरखरीत केला की चार दिवस दळण हलके. बाया सहसा जोडीने बसत, समोरासमोर, एक पाय पसरून एक दुमडून, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीने ओळ उचलायची, दुसरीने तीच परत म्हणायची. पहिली श्वास घेते तेव्हा दुसरी गाते, आणि वरचा दगड दोघींच्या मधून न थांबता फिरत राहतो. ओवीची लांबी, तिच्यातला ठेहराव, ओळीच्या शेवटी 'बाई' किंवा 'सयांनो' अशी हाक, हे सगळे त्या फिरण्याने घडवले आहे.

आता समोर कोण बसलेले असे, ते पाहिले पाहिजे. सासू. जाऊ. नणंद. नव्या सुनेने नवऱ्याविषयी जे काही गायचे ते त्याच्या आईच्या किंवा बहिणीच्या डोळ्यांदेखत, तिच्याच साथीने. शिवाय नवऱ्याचे नाव घ्यायची सोय नव्हती. ते फक्त उखाण्यात, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर. त्यामुळे या प्रेमगीताला आडवाटा शोधाव्या लागल्या, आणि त्यातूनच त्याची खरी कला आली. नवऱ्याला ती हौशा म्हणते, कंथ म्हणते, भरतार म्हणते, कधी नुसते कपाळीचे कुंकू म्हणते. त्याची स्तुती करायची तर त्याच्या बैलजोडीची करते. पाभर हाकताना त्याचे तास कसे सरळ पडले ते गाते. पटक्याचा रंग, जोड्याचा आवाज, गावात पंगतीला बसला तर चार माणसांत तो कसा उठून दिसतो, हे सांगते. दुपारी शेतावर भाकरी घेऊन जाताना बांधावरून तो दिसला, एवढाच मजकूर असतो, आणि ऐकणाऱ्या सासूला त्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही. तिच्या मुलाचेच तर कौतुक चालले आहे.

नवऱ्यावरच्या ओव्या भावावरच्या ओव्यांपेक्षा कमी आहेत, हे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे. भाऊ न्यायला येतो, चोळी घेतो, बहिणीच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. त्याच्यावर ओव्यांचा नुसता पाऊस आहे. घरधन्यावरचे गाणे त्या मानाने मोजके आणि जपून उच्चारलेले. देवाच्या ओव्या आधी, मग आईबाप, मग भाऊ, लेकरे, आणि दळण निम्म्यावर आल्यावर कुठे तरी तो. पण त्या मोजक्या ओव्यांत एक गोष्ट सारखी येते. तो परगावी गेला की तिला घास गोड लागत नाही. तो आजारी पडला की ती देवाला स्वतःचे आयुष्य देऊ करते. सोन्यानाण्याचा हट्ट या गाण्यात फारसा नाही. तो घरी असावा, धडधाकट असावा, आणि आपण त्याच्या आधी जावे, एवढे मागणे आहे.

दूर गेलेल्या माणसाची वाट पाहणारी बाई गोदावरीच्या काठाला नवी नाही. कोपरगावावरून वाहणारी गोदा पुढे पैठणला जाते, आणि पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह. त्यात राजवाडे जवळजवळ नाहीत. आहेत ती खेडी, शेते, पाणवठे, गावच्या पाटलाची सून, वाटसरू आणि खुद्द गोदावरी. काही गाथांच्या कवयित्रींची नावेही परंपरेने सांगितली आहेत. एका गाथेतली बाई नवरा परगावी गेला त्याच दिवशी भिंतीवर दिवस मोजायच्या रेघा ओढू लागते आणि दुपार होण्याआधीच भिंत भरवून टाकते. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी ही बाई जात्यावर बसवली तर सहज सामावून जाईल. स. आ. जोगळेकरांनी गाथासप्तशतीची मराठी आवृत्ती सिद्ध करताना या काव्यातले मराठी जीवन बारकाईने उलगडले, आणि ते वाचताना गाथा आणि ओवी यांच्यातले नाते वारंवार जाणवते. दोन्ही लहान, दोन्ही शेतातल्या वस्तूंतून मन सांगणाऱ्या, दोन्हींत न बोललेले जास्त.

ओवीचा पहिला स्पष्ट पुरावा मात्र ग्रंथात मिळतो तो कल्याणीच्या चालुक्य राजाकडून. तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, साधारण ११२९ साली, महाराष्ट्रातल्या स्त्रिया धान्य कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. म्हणजे नेवाशाला ज्ञानेश्वरांनी १२९०मध्ये भावार्थदीपिका सांगितली त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी बायकांच्या तोंडी होती. नेवासेही याच जिल्ह्यात. ज्ञानदेवांनी गीतेवर टीका करायला निवडलेला छंद हा उखळा-जात्यापाशी घडलेला होता, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात आणखी ठळकपणे सांगायला हवी.

आणि जनाबाई. गोदाकाठच्याच गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबली. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो दळायला हात लावायला. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचे म्हणून जाते दाखवतात आणि बाया आजही त्याला हात लावून जातात. ज्या बाईला स्वतःचा संसार नव्हता तिने खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला देवाला बसवले. तिच्यानंतरच्या सात शतकांत ज्यांनी एकटीने दळले त्या कितीजणींना त्या चित्राचा आधार वाटला असेल. विठ्ठलावरच्या ओव्या आणि घरधन्यावरच्या ओव्या कधी कधी एकमेकींत मिसळतात, कोणाविषयी चालले आहे ते कळेनासे होते, त्याचे मूळ इथे आहे.

कोपरगावच्या बेटावर तर प्रेमाची याहून जुनी कथा वस्तीला आहे. नदीकाठच्या या बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे आणि कचेश्वराचेही. शुक्राचार्यांचा आश्रम इथेच होता अशी परंपरा. देवांनी पाठवलेला कच संजीवनी विद्या शिकायला आला, आश्रमात गुरे राखू लागला, आणि गुरुकन्या देवयानी त्याच्यावर जीव लावून बसली. असुरांनी त्याला तीनदा मारले. तिसऱ्या वेळी जाळून राख केली आणि ती मद्यात मिसळून खुद्द शुक्राचार्यांना पाजली. तिन्ही वेळा देवयानीने बापापाशी हट्ट धरला म्हणून तो जगला. शेवटी गुरूच्या पोटातून जन्मलो म्हणून तू माझी बहीण, असे सांगून कचाने तिला नकार दिला आणि दोघांनी एकमेकांना शाप दिले. महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा. कृ. प्र. खाडिलकरांनी १९१३ साली 'संगीत विद्याहरण' लिहिले, बालगंधर्वांनी देवयानी रंगवली, आणि ही कथा नाट्यसंगीतातून मराठी घराघरांत पोचली. निष्ठेचे फळ न मिळालेली ही नायिका. आणि तिच्याच बापाच्या देवळात लग्नाला मुहूर्त बघावा लागत नाही, वर्षातल्या कोणत्याही दिवशी तिथे लग्न लावावे, अशी लोकांची श्रद्धा आहे. पंचांगात मुहूर्त नसलेल्या महिन्यांतही तिथे वऱ्हाडे येतात.

पेशवाईत कोपरगावला दुसरेच दिवस आले. १७८२च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे, म्हणजे राघोबादादा, नेमणूक घेऊन इथे राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी इथेच वारले. नदीकाठचा त्यांचा वाडा आजही दाखवतात. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचे नाव महाराष्ट्रात वेगळ्या कारणाने घेतले जाते. पण कोपरगावच्या वाड्यातली आनंदीबाई ही नवरा गेला तेव्हा पोटुशी असलेली बाई होती. त्यांचे धाकटे पुत्र चिमाजीअप्पा १७८४ साली, वडिलांच्या मृत्यूनंतर, इथेच जन्मले. पुण्याच्या पहाऱ्यात राहिलेले हे कुटुंब १७९३च्या सुमारास नाशिकजवळ आनंदवल्लीला हलवले गेले. वाड्यात दळण-कांडण करणाऱ्या कुणबिणी असत, तशी त्या काळच्या मातबर घरांची रीतच होती. त्यांच्या ओव्या कोणत्याही दप्तरात उतरल्या नाहीत.

दप्तरात, बाडांत आणि पुढे छापील पुस्तकांत उतरली ती लावणी. कोपरगावच्या एका अंगाला संगमनेर, तिथला अनंत फंदी. दुसऱ्या अंगाला सिन्नर, त्या तालुक्यातल्या बावीचा परशराम, जातीचा शिंपी. उत्तर पेशवाईतले हे नामांकित शाहीर, दोघेही या टापूतले. त्या काळच्या लावणीत विरहिणीचे एक मोठे दालनच आहे: शिलेदार मोहिमेवर गेलेला, घरात पलंग सुना, पावसाळा तोंडावर. या लावण्या सुंदर आहेत, त्यांची भाषा झगमगती आहे. पण त्यातली बाई पुरुषाने घडवलेली, आणि तिचे झुरणे बैठकीत बसलेल्या पुरुषांसाठी. ती बोलते खूप. नवऱ्याची वाट बघताना ती आपल्या देहाचे वर्णन करते, जे खरोखर वाट बघणाऱ्या बाईला सुचणार नाही. त्याच मोहिमेवर गेलेल्या एखाद्या शिपायाची बायको त्याच पहाटे जात्यावर त्याच्या घोड्याविषयी किंवा भाल्याविषयी दोन ओळी गाऊन गप्प बसत असेल. एकाच भावनेची ही दोन गाणी दीडशे वर्षे शेजारी शेजारी चालली. एकाला बिदागी मिळाली, दुसऱ्याने भाकरी झाली. लावणीचा मान कमी करायचे कारण नाही. मात्र निष्ठेचे गाणे म्हणून तोलायचे झाले तर पारडे ओवीकडे झुकते.

ओवीतली निष्ठा भाबडी होती असेही नाही. 'अहेव' मरण, म्हणजे नवऱ्याआधी, कुंकवाने भरलेल्या कपाळाने जाणे, हे या गाण्यातले सर्वांत मोठे मागणे. अशा बाईची अंत्ययात्रा ओव्यांत जवळजवळ लग्नाच्या वरातीसारखी येते: हिरवी चोळी, हळदीकुंकू, खणानारळाची ओटी. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला काय येत होते ते आठवले की उलगडा होतो. बांगड्या फुटायच्या, शुभकार्यातली जागा जायची, उच्च म्हटल्या जाणाऱ्या जातींत केसही जायचे, आणि घरातले दळण मात्र वाढायचे. त्या मागण्यात प्रेम होते तशी ही धास्तीही होती, आणि गाणाऱ्या बाईला दोन्ही ठाऊक होते. मारझोडीच्या, सवतीच्या, दारूच्या ओव्याही याच जात्यावर झाल्या. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी ऐन तिशीत विधवा झाल्या. घरोटावर म्हणजे जात्यावर गाणाऱ्या या बाईने कुंकू पुसले गेले तरी गोंदण उरते, अशा आशयाचे गाणे रचले. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी जपलेली ती गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली छापली गेली, त्याच्या आदल्याच वर्षी बहिणाबाई गेल्या होत्या.

सीतेवरच्या ओव्यांत हा तोल आणखी स्पष्ट होतो. रामायणाची पोथी रामाची. जात्यावरचे रामायण सीतेचे. वनात टाकलेली, बाळंतपणाला आपले कोणी नसलेली सीता, तिला बोरीबाभळी धीर देतात. तिची निष्ठा ओवी कुठेही कमी करत नाही. राम मात्र तिच्या तोडीचा उतरला नाही, हे बाया बिनदिक्कत म्हणतात. देवळात ज्याच्यापुढे डोके टेकायचे त्याच्याविषयीच हा निवाडा, आणि तो देणाऱ्या बायांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते.

हे गाणे थांबले ते माणसाच्या मनात बदल झाला म्हणून थांबले नाही. पाणी आले, पैसा आला, इंजिन आले. दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. नांदूरमधमेश्वरहून निघालेल्या गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी कोपरगावच्या काळ्या रानात बारमाही पाणी आणले आणि बाजरीच्या शेजारी ऊस उभा राहिला. १९४०च्या आसपास साकरवाडीला गोदावरी शुगर मिल्स आली, पुणतांब्याकडे चांगदेव शुगर मिल्स. स्वातंत्र्यानंतर कोळपेवाडीचा सहकारी कारखाना, मग सहजानंदनगरचा 'संजीवनी', नावात शुक्राचार्यांची विद्या. बाजारपेठेच्या गावात तेलावरच्या इंजिनाची पिठाची गिरणी बसली, पुढे वीज आली तशी ती वाडीवस्तीवर पोचली. पायली-दोन पायल्यांचे दळण डोक्यावर घेऊन जायचे, रांगेत ठेवायचे, तासाभरात परत. पहाटेची दोन-तीन तासांची झोप बायकांना परत मिळाली. ज्यांनी जाते ओढले त्यांनी गिरणीला नावे ठेवल्याचे सहसा ऐकू येत नाही, आणि ओवी संपली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

उसाबरोबर दुसरेही काही आले. दर हंगामाला बीड, पाथर्डीकडून तोडकरी येतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीवर, आणि त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. तिकडच्या कोरड्या गावांतून आलेल्या या बायांपैकी थोरल्या पिढीजवळ ओव्या होत्या, आणि पाचटाच्या कोप्यांत त्या म्हटल्या गेल्या. त्यांच्या जोडीदाराविषयीच्या ओव्यांत बैलांच्या जागी ट्रक आणि शेताच्या जागी फड आला तरी मागणे तेच राहिले: त्याच्या पायाला कोयता लागू नये, उचल फिटावी, दोघांनी मिळून गावी परतावे.

गाणे विझत असताना ते टिपून घेणारे भेटले, हे महाराष्ट्राचे भाग्य. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या. कमलाबाई देशपांड्यांनी बायकांच्या या रचनांना 'अपौरुषेय वाङ्मय' म्हटले. दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला बैठक दिली. पण जुन्या संग्रहांत बहुधा ओवी असते आणि गाणारी नसते. ती उणीव भरून काढली ती पुण्यातून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी. डोंगरी गावांतल्या गरीब बायांबरोबर काम करता करता १९८०च्या दशकात त्यांनी ओव्या उतरवायला घेतल्या. हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या, प्रत्येकीच्या पुढे बाईचे नाव आणि गाव. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर रचना केली आणि १९९०च्या दशकात हजारो ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या लोकांपुढे आणल्या. ऐकताना पाठीमागे दगडाची घरघर येते, कारण नुसते बसून गा म्हटले तर कितीतरी जणींना शब्द आठवत नाहीत. खुंटा हातात दिला की आठवतात.

कोपरगाव-शिर्डीच्या पट्ट्यात जाती अजून आहेत. काही पायरी झाली आहेत, काही गोठ्याच्या कोपऱ्यात, एक शिर्डीच्या द्वारकामाईत, म्हणजे बाबांच्या त्या मशिदीत, जपलेले. लग्नघरात ती अजूनही बाहेर येतात. मांडव पडला की जाते धुऊन त्याला हळदीकुंकू लावतात, आंब्याची पाने बांधतात, सवाष्णी एकत्र खुंटा धरून हळकुंडे दळतात. दारात स्पीकर वाजत असतो, तो दोन मिनिटे बंद करायला सांगतात आणि थोरली आजी ओळ उचलते. सत्तरी ओलांडलेल्या अशा आज्यांजवळ अजून पन्नास-पन्नास ओव्या निघतात, त्यातल्या कित्येक कोणत्याही संग्रहात नाहीत. तालुक्यात महाविद्यालये आहेत, मराठीचे विभाग आहेत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. एका सुट्टीत आजीसमोर जाते मांडले तर पुष्कळ काही हाती लागेल. फक्त शब्द टिपून भागणार नाही. ओवी माहेराहून आणलेली की सासरी शिकलेली, ती दळणाच्या सुरुवातीची की शेवटची, आणि खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला तेव्हा कोण बसायचे, हेही विचारून लिहून घ्यायला हवे.